आवडत्या रुंबा गिटारिस्टला शोनंतर भेटताय? या चुका टाळा

शेवटच्या रुंबाला, म्हणजे स्पेनच्या फ्लामेंको संगीतातल्या त्या नाचऱ्या ठेक्याच्या धूनेला, अख्खं थिएटर उभं राहून टाळ्या देत होतं आणि आता तो बाहेर लॉबीत टेबलाशी बसून सह्या देणारे म्हटल्यावर डोकं चालत नाही, मला माहितीये. टोरांटोत पहिल्यांदा अशा लाइनीत उभा होतो तेव्हा इतकी वर्षं ज्याला ऐकलं तो समोर आल्यावर आनंदाच्या भरात मी त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी गच्च दाबला, त्याने हसत हसत हळूच सोडवून घेतला.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, उजवा हात. फ्लामेंकोवाले पिक, म्हणजे तारा छेडायची पट्टी, वापरत नाहीत, रासगेआदो म्हणजे एकामागोमाग एक बोट तारांवर झटकायचं ते नखांनीच, आणि नखं तुटू नयेत म्हणून बरेच जण त्यावर सुपरग्लू नाहीतर ॲक्रिलिकचा थर देतात. एक नख तुटलं तर पुढच्या शोचं अवघड. त्यामुळे त्याने हात पुढे केला तरच हलका मिळवा, नाहीतर सरळ नमस्कार करा, छान वाटतं त्यांनाही.

गिटारवर सही घ्यायची हौस असेल तर थांबा जरा. हाताने बनवलेल्या बऱ्याच गिटारवर फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे चपडा लाख, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळते, पर्मनंट मार्करच्या शाईतही स्पिरिटच असतं. गोल्पेआदोरवर, म्हणजे थाप मारायच्या त्या प्लास्टिकवर घेतली तर वाजवून वाजवून पुसून जाते. सीडीचं कव्हर न्या, गडद असेल तर चंदेरी मार्कर न्या, आणि गुळगुळीत कागदावरची शाई वाळेपर्यंत ते बॅगेत कोंबू नका.

बोलायचं काय? "अगदी जिप्सी किंग्जसारखं वाजवता" हे नको. तो बँड दक्षिण फ्रान्सचा, आर्ल आणि माँपेलिएकडच्या हितानो, म्हणजे स्पॅनिश जिप्सी, घराण्यांतला, बार्सिलोनाच्या पेरेत या गायकाची कातालान रुंबा वेगळी, टोरांटोच्या जेसी कुक या गिटारिस्टचं आणखी वेगळं. आणि "रुंबा खरा फ्लामेंको नाही ना?" हे तर त्याच्या तोंडावर विचारूच नका, फ्लामेंकोचा दिग्गज गिटारिस्ट पाको दे लुसियाचं १९७३ चं 'एन्त्रे दोस आग्वास' रुंबाच आहे की!

त्यापेक्षा एकच प्रश्न, पण त्याच्या वाजवण्यातला. दुसऱ्या वेळी मी ठेक्याचं विचारलं, की आमच्या केरव्यासारख्या आठच मात्रा आहेत पण जोर १, ४ आणि ७ वर का वाटतो, तर त्याने पेन खाली ठेवलं आणि टेबलावर बोटांनी तीन-तीन-दोन वाजवून दाखवलं, वर मलाही वाजवायला लावलं. मागे लाइन होती म्हणून दोन फेऱ्या करून मीच बाजूला झालो.

फोटोसाठी कॅमेरा आधीच उघडून मागच्या माणसाच्या हातात द्या, फ्लॅश बंद. सीडी इंटरव्हललाच घेऊन ठेवा, नंतर संपतात.

आणि तो बाहेर आलाच नाही तर? मागच्या दाराशी जाऊन उभं राहू नका, दमलेला असतो, कधी रात्रीच पुढच्या गावाला निघायचं असतं. चार ओळी कागदावर लिहून सीडी विकणाऱ्या त्यांच्या माणसाकडे द्या, कुठली धून का आवडते तेवढं लिहा. मी तर आता अशी चिठ्ठी घरूनच लिहून नेतो.