नळ बंद, तरी रात्री पाण्याचा पंप आपोआप सुरू होतो: माझा अनुभव

आम्ही दोघं शिडाच्या बोटीवरच राहतो. सगळे नळ बंद असूनही गोड्या पाण्याचा पंप दर दहा-बारा मिनिटांनी सेकंदभर घुर्र करायचा. महिनाभर धड झोप नाही.

पाइपातला दाब उतरला की असा पंप सुरू होतो, म्हणून आधी गळती शोधली. होज क्लॅम्प (पाइप घट्ट धरणाऱ्या पट्ट्या) आवळले, नळांचे वॉशर बदलले, प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवला. टिश्यू कोरडे, बिल्जही (बोटीचा अगदी तळ, जिथे गळलेलं पाणी साचतं) कोरडं. मग नवरा म्हणाला, "अगं, पाणी बाहेर जात नाही, म्हणजे टाकीतच परत जात असेल." पंप आणि नळांमधला कॉक बंद केला, तरी घुरघुर चालूच. दोष पंपातच होता.

पंप उघडायचा तर आधी त्याचं बटण बंद करा, मग टाकीचा कॉक. नळ उघडून दाब सोडा. पंपाच्या पुढच्या बाजूचे स्क्रू काढून आतले भाग सुटे करायच्या आधी फोटो घ्या, कारण ते चुकून उलटेही बसवले जाऊ शकतात. आमच्या डायफ्रॅम पंपात (रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा पंप) नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या, रबराखाली नखाच्या कोरीएवढा पांढरा प्लास्टिकचा कीस अडकला होता. टाकीला भोक पाडलं तेव्हाचा असावा. रबर धुतलं, तसंच बसवलं, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले.

पंपाआधीची गाळणीही धुवा. आमची जाळी फाटलेली निघाली. ती बदलली नसती तर कीस पुन्हा आत गेला असता.