घरचे कर्ज फेडताना या चुका टाळा : वही, हंगाम आणि सोबतीचा गट

२०२१ च्या दिवाळीत आमच्या घरावर एकूण किती देणे आहे, हे घरातील एकाही माणसाला सांगता आले नसते. परभणी जिल्ह्यातील आमची साडेचार एकर कोरडवाहू जमीन, माझे शिलाईकाम आणि यजमानांची हंगामी मजुरी यांवर आमचा संसार चालतो. पीक कर्जाचा आकडा यजमानांना पाठ होता, महिला गटाचा हप्ता माझ्या लक्षात असे, कृषी सेवा केंद्राची उधारी दिरांना ठाऊक होती आणि प्रत्येकजण आपापला आकडा उराशी धरून बसला होता. वही घेऊन आम्ही पहिल्यांदा एकत्र बसलो, तेव्हा पीक कर्ज १,४०,०००, दुचाकी ४२,०००, गटाचे ३६,००० आणि कृषी केंद्राचे ३५,००० मिळून २,५३,००० रुपयांची बेरीज झाली. वही मिटत असताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "अन् थोरल्या ताईचे चाळीस हजार लिवलेस का गं माय?" मोठ्या नणंदेचे ते हातउसने कोणीही कर्जात धरले नव्हते. मग यजमानांनी मान खाली घालून खाजगी सावकाराचे ६०,००० सांगितले, मी किराण्याचे ९,००० आणि लेकीच्या शाळेची थकलेली ६,००० रुपये फी सांगितली. खरा आकडा ३,६८,००० रुपयांचा होता.

हे देणे फिटायला आम्हाला साडेतीन वर्षे लागली. त्या काळात उदगीर, वसमत, अंबाजोगाई आणि परतूर या भागांतील सहा बायका मला रोज फोनवरून सोबत करत होत्या. शिलाई प्रशिक्षणात आमची ओळख झाली होती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आमच्या सातजणींच्या गटात प्रत्येकीच्या घरावर कर्ज होते. आम्ही केलेल्या आणि एकमेकींना करताना पाहिलेल्या चुका पुढे लिहीत आहे. त्यांची मुळे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडली : आकडा अर्धा लिहिलेला असतो, किंवा तो दुसऱ्याच्या उत्पन्नाच्या चालीवर बसवलेला असतो.

अर्धी यादी करून अंदाजपत्रक मांडणे

बँकेच्या कर्जालाच कर्ज मानायचे आणि हातउसने, किराणा, दवाखाना, सोनाराकडची बाकी यांना "ते पाहू नंतर" म्हणून वगळायचे, ही चूक सर्वांत जास्त घरांत होते. ज्या देण्याला ठरलेला हप्ता नसतो, ते नेमके अडचणीच्या वेळी उभे राहते. नणंदेच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा ते चाळीस हजार एका महिन्यात द्यावे लागले असते आणि त्यासाठी आम्ही पुन्हा सावकाराच्या ओट्यावर गेलो असतो. यादीत आधीच नाव असल्यामुळे आम्ही तिला स्वतःहून सांगितले की तूर विकल्यावर वीस हजार आणि पुढच्या सोयाबीनवर वीस हजार देऊ. तिने ते मान्य केले आणि नाते टिकले.

यादीत प्रत्येक देण्यापुढे मुद्दल, व्याज, देय तारीख, तारण आणि जामीनदार या पाच गोष्टी लिहाव्यात. जामीनदाराचे नाव तर अवश्य लिहावे, कारण दुसऱ्या कोणासाठी आपण जामीन राहिलो असलो तर तेही आपलेच संभाव्य देणे असते. बँका आणि वित्त कंपन्यांची कर्जे विसरली असतील, तर सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही पतमाहिती कंपन्या प्रत्येकी वर्षातून एकदा आपल्या नावावरच्या कर्जांचा पूर्ण अहवाल विनामूल्य देतात. आमच्या गटातील एकीला अशा अहवालातूनच कळले की चार वर्षांपूर्वी घेतलेल्या मोबाइलच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरायचा राहून गेला होता.

शेकड्याचा दर आणि वर्षाचा दर एकाच तागडीत तोलणे

"बँक बारा टक्के घेते, सावकार तीनच टक्के घेतो," हे वाक्य मी शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. बँकेचा दर वर्षाचा असतो आणि सावकाराचा शेकडा तीन हा दर महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला तो ३६ टक्के होतो. आमच्या ६०,००० रुपयांवर महिन्याला १,८०० रुपये जात होते. दोन वर्षांत ४३,२०० रुपये व्याज भरूनही मुद्दलातील एक रुपयाही कमी झाला नव्हता, आणि हे वहीत लिहीपर्यंत आम्हाला दिसलेच नव्हते.

'फ्लॅट' व्याजाचेही असेच आहे. १ लाख रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर २४,००० रुपये व्याज आणि सुमारे ५,१६७ रुपयांचा मासिक हप्ता येतो. मुद्दल दर महिन्याला घटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर लावलेले असल्यामुळे, घटत्या शिलकेच्या पद्धतीने मोजल्यास तोच दर २१ ते २२ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून कर्ज घेताना किंवा फेडीचा क्रम ठरवताना प्रत्येक दर आधी वर्षाच्या घटत्या दरात आणावा आणि मगच तुलना करावी.

आम्ही माझ्या पाटल्या राष्ट्रीयीकृत बँकेत सुमारे ९ टक्क्यांनी तारण ठेवून सावकाराचे मुद्दल एकरकमी चुकते केले. वर्षाला २१,६०० रुपये जात होते, तेथे ५,४०० जाऊ लागले. पाटल्या काढून देताना हात थरथरला, हे मी लपवत नाही. मात्र असे केल्यावर सावकाराचे खाते पुन्हा उघडायचे नाही, एवढे पथ्य न पाळल्यास सोनेही जाते आणि व्याजही वाढते.

पगारदाराचे अंदाजपत्रक शेतकऱ्याच्या घरावर लादणे

इंटरनेटवर मिळणारे बहुतेक तक्ते महिन्याच्या एक तारखेला पगार येतो असे गृहीत धरतात. मराठवाड्यातील कोरडवाहू घरात सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कापसाचा वेचणीनुसार पुढचे काही महिने आणि तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत येतो. त्यानंतर मृगाच्या पेरणीपर्यंत आवक जवळजवळ थांबते, आणि खर्च मात्र नेमका तेव्हाच उसळतो : पाडव्याला सालगड्याचे साल ठरते, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते, जूनमध्ये बियाणे, खत आणि शाळेच्या वह्या एकदमच येतात. अशा घराने बारा महिने सारख्या रकमेचा हप्ता आखला, की तो मे महिन्यात मोडतो आणि माणूस स्वतःलाच दोष देऊ लागतो.

आमच्याकडे चाललेली पद्धत अशी आहे. मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, आडतीची पट्टी (माल विकल्याचा हिशेब) हातात पडली, की त्याच दिवशी, घरी येण्याआधी, पैशाचे तीन वाटे करायचे : पहिला पुढच्या पेरणीपर्यंतच्या घरखर्चाचा, दुसरा पेरणीचा आणि तिसरा कर्जाचा. घरखर्चाचा वाटा वेगळ्या खात्यात ठेवून तेथून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढायची. दुचाकीसारखे मासिक हप्ते माझ्या शिलाईच्या पैशातून भरायचे आणि मोठी देणी हंगामाच्या पैशातून.

पिकाचा भाव धरताना हमीभाव धरू नये, हे मी अनुभवाने सांगते. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण त्या हंगामात खुल्या बाजारात बऱ्याच शेतकऱ्यांना त्याहून कमी भाव घ्यावा लागला. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तर धाराशिव, बीड, लातूरकडे उभी पिके पाण्यात गेली. म्हणून उत्पन्नाचा अंदाज मागच्या पाच वर्षांतील सर्वांत वाईट वर्षावर बांधावा. वर्ष चांगले गेले तर जास्तीचे पैसे कर्जात टाकता येतात.

आठवड्याचे किंवा पंधरवड्याचे हप्ते असणारी गटकर्जे हंगामी उत्पन्नाच्या घराला विशेष जड जातात, आणि एका गटाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या गटाचे कर्ज काढणे ही तर बुडण्याची सरळ वाट आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घराला विनातारण दिलेले लहान कर्ज, देताना घराच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक होता कामा नयेत, आणि असे कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही. हे माहीत झाल्यावर मी तुरीच्या पैशातून गटाचे कर्ज सात महिने आधीच बंद केले.

सगळा पैसा एकदम देण्यात घालणे

उत्साहाच्या भरात आम्ही पहिल्या वर्षी हातातील सगळी रक्कम कर्जात भरली आणि तीनच आठवड्यांत सासऱ्यांना दवाखान्यात न्यावे लागले. तेव्हापासून १५,००० रुपये कधीही न मोडण्याच्या बोलीवर बाजूला ठेवले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घरातील कोणाचे उपचार कोणत्या अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयात होऊ शकतात, हेही आजारपण येण्याआधीच विचारून ठेवावे.

सोबतीच्या गटाकडून चुकीची अपेक्षा धरणे

आधी मी आमच्या गावातील बायकांचा गट काढून पाहिला होता. तेथे कोणीही खरा आकडा सांगितला नाही, कारण आज सांगितलेले उद्या भावकीत पोहोचणार आणि सोयरीक जुळवताना कोणीतरी ते काढणार, ही भीती प्रत्येकीच्या मनात होती. ती भीती खोटी नव्हती. दुसऱ्या तालुक्यातील, आपल्या नात्यागोत्यात नसलेली, पण प्रत्यक्ष भेटलेली आणि पारखलेली माणसे या कामाला जास्त उपयोगी पडतात, असे माझे ठाम मत झाले आहे. दर सोमवारी रात्री आम्ही तीनच आकडे लिहितो : आठवड्यात काय आले, काय खर्च झाले आणि देण्यात काय भरले. ज्या आठवड्यात शून्य भरले, त्या आठवड्यात शून्य लिहायचे, पण गप्प बसायचे नाही. अंबाजोगाईची आमची मैत्रीण एकदा पाच आठवडे काहीच लिहीत नव्हती. फोन केल्यावर कळले की तिने नवे कर्ज काढले होते आणि लाजेने ती आमच्यापासून तोंड लपवत होती. तेव्हापासून दोन सोमवार कोणी लिहिले नाही, की तिसऱ्या दिवशी फोन जातो.

गटात एकमेकींना पैसे उसने द्यायचे नाहीत, हा नियम आम्ही पहिल्याच महिन्यात केला. तो कठोर वाटतो, पण ज्या दिवशी सोबतीण सावकार होते, त्या दिवशी तिच्यापुढे खरे बोलणे थांबते. आधार, पासबुक किंवा ओटीपी गटात टाकायचा नाही. "पाच मिनिटांत कर्ज" असे संदेश पुढे पाठवायचे नाहीत. नियमानुसार डिजिटल कर्जाची रक्कम बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीकडून थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी, आणि कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला फोनमधील संपर्कयादी किंवा फोटो पाहण्याचा अधिकार नाही. जे अ‍ॅप ही परवानगी मागते, ते काढून टाकावे, आणि फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर तक्रार करावी.

वसुलीच्या भीतीने फोन बंद करणे

हप्ता चुकणार असे दिसले, तर तारखेच्या आधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बँका व वित्त कंपन्यांच्या वसुली प्रतिनिधींना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, तसेच धमकावण्याचा किंवा शेजारीपाजारी बदनामी करण्याचा अधिकार त्यांना नाही. संस्थेकडे तक्रार करूनही ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. विनापरवाना सावकार छळत असेल, किंवा कर्जाच्या बदल्यात जमिनीचे खरेदीखत करून मागत असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. कर्जापोटी खरेदीखतावर सही मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये.

कर्जमाफीच्या आशेवर पीक कर्ज थकवणे हीदेखील महागात पडणारी चूक आहे. २०१७ आणि २०१९ मध्ये माफी झाली, त्यामुळे आशा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाचा ७ टक्के दर मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राच्या सवलतीमुळे ४ टक्के पडतो, राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतही वेळेत फेडणाऱ्यालाच मिळते, आणि थकबाकीदाराला पुढच्या पेरणीला बँक दारात उभे करत नाही. मग तो पुन्हा शेकड्याच्या व्याजाकडे वळतो.

शेवटचा हप्ता भरून घरी निघून येणे

कर्ज फिटले तरी कागद फिटलेला नसतो. बँकेकडून बेबाकी दाखला, म्हणजे देणे शिल्लक नसल्याचे पत्र, घ्यावा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवलेला बोजा कमी करण्यासाठी तो दाखला जोडून तलाठ्याकडे फेरफाराचा (नोंद बदलण्याचा) अर्ज द्यावा. सावकाराकडचे कोरे धनादेश आणि सही केलेले मुद्रांक साक्षीदारासमोर परत घ्यावेत. रक्कम कमी करून तडजोड केली असेल, तर पतअहवालात ती 'सेटल्ड' अशी नोंदली जाते आणि पुढचे कर्ज मिळताना आड येते, म्हणून शक्य तेथे पूर्ण फेड करावी. घर किंवा जमीन तारण ठेवून घेतलेल्या कर्जाची मूळ कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.

आमच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरायला तीन हेलपाटे घालावे लागले, कारण पहिल्या दाखल्यावर जमिनीच्या गटक्रमांकातील एक आकडा चुकला होता आणि तो आम्ही वाचून न पाहताच घरी आणला होता. २०२५ च्या पाडव्यानंतरच्या सोमवारी मी कोऱ्या इतर हक्कांच्या रकान्याचा फोटो, नावे झाकून, गटात टाकला, आणि त्याखाली वसमतच्या मैत्रिणीने त्या आठवड्याचे आपले तीन आकडे लिहिले.