फरसाणाच्या कारखान्याने झाडं लावायची तर

कारखान्यातून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची भरपाई म्हणून झाडं जूनमध्ये लावायची असली तरी हिशेबाची वही जानेवारीत उघडावी. मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं, सिलिंडरच्या पावत्या आणि टेंपोच्या डिझेलचा हिशेब घेऊन एक दुपार बसा. आमच्या फरसाणाच्या कारखान्याला महिन्याला साधारण १,२०० युनिट वीज, १९ किलोचे १२ सिलिंडर आणि १२० लिटर डिझेल लागतं. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची, म्हणून एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा. किलोभर गॅस जळला की ३ किलोच्या आसपास, लिटरभर डिझेलमागे २.७ किलो. वर्षाची बेरीज झाली विजेचे १०, गॅसचे ८ आणि डिझेलचे ४ असे २२ टन. बेसन आणि तेल आपल्यापर्यंत येताना झालेला धूर यात धरलेला नाही. पण जे आपल्या बिलावर दिसतं ते तरी पूर्ण मोजावं.

आकडा हाती आला की लगेच रोपवाटिकेला फोन करू नका. आधी छपराकडे बघा. १० किलोवॉटची सोलर पॅनल वर्षाला १४ हजार युनिटच्या आसपास वीज देतात, म्हणजे आमची जवळजवळ सगळी वीज. वाढलेलं एक झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरलं, तर हे काम ५०० झाडांचं झालं, आणि तेही पहिल्याच वर्षापासून. रोपाला तिथवर पोचायला किती तरी पावसाळे जातात. म्हणून छप्पर आधी, भट्टीचे बर्नर साफ करणं आधी, टेंपोच्या दोन फेऱ्यांची एक करणं आधी. उरलेल्या १२ टनांसाठी झाडं. ती झाली ६००, आणि चार-चार मीटरवर लावायची तर अडीच एकर जागा हवी.

जागेचा शोध फेब्रुवारीत. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा लेखी ठराव हवा, खासगी असेल तर सातबारा बघून शेतकऱ्याशी निदान पाच वर्षांचा करार. फळं आणि गवत कुणाचं हे त्यातच लिहा. माझं मत विचाराल तर ती शेतकऱ्याचीच असावीत, ज्याला चिंच मिळणार तो चिंचेला पाणी घालतो. वरून विजेच्या तारा जातात का, पुढे रस्ता रुंद होणार आहे का, हेही विचारून घ्या. आणि एक कळकळीची विनंती: आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव-माणकडची माळरानं ‘मोकळी’ समजून खणू नका. ती उजाड नाहीत. लांडगा, धाविक-चंडोलसारखे पक्षी आणि मेंढपाळांचे कळप यांचं ते घर आहे, आणि तिथल्या गवताची मुळंही जमिनीत कार्बन साठवून ठेवतात. शेताचे बांध, ओढ्याकाठ, शाळेचं आवार, जिथे पूर्वी झाडं होती अशा जागा शोधा.

मार्चमध्ये रोपांची नोंदणी. कोरड्या भागात कडुनिंब, चिंच, करंज, बोर, आपटा, सीताफळ, शिरीष. ओढ्याच्या कडेला उंबर, जांभूळ, अर्जुन. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी भराभर वाढतात म्हणून कुणी सुचवेल, नको म्हणा. रोप दोन वर्षांचं, तीन-चार फुटांचं घ्या. एखादी पिशवी फाडून बघा. मुळं गोल गुंडाळलेली असतील तर तो गठ्ठा परत करा. एप्रिलमध्ये दोन फुटांचे खड्डे काढून मे महिनाभर उन्हात तापू द्यायचे, मग शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरायचे. लागवड मृगाच्या पहिल्या सरीला नको. आत वीतभर ओल गेली की मगच.

आता सगळ्यात खर्चाची बाब. रोपाची किंमत त्यापुढे काहीच नाही. आमची पहिली लागवड ३०० झाडांची होती. फोटो झाले, पेढे वाटले, राखण कुणाला सांगितली नव्हती. दिवाळीपर्यंत शेळ्यांनी शेंडे खाल्ले, फेब्रुवारीत वणवा आला, आणि पुढच्या जूनला मी मोजली तेव्हा ४१ उभी होती. त्या दिवशी बांधावर बसून रडू आलं. तेव्हापासून पैशाची पहिली ओळ राखणदाराच्या पगाराची. तो गावातलाच असावा, महिन्याच्या महिन्याला पैसे मिळावेत, निदान तीन वर्षं. दुसरी ओळ पाण्याची. झाडाला आठवड्याला १० लिटर धरलं तर ६०० झाडांना ६ हजार लिटर, डिसेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत २८ आठवडे, म्हणजे १० हजार लिटरचे सतरा टँकर. त्या टँकरचं डिझेलही वहीत चढवा. बुडाशी आळं करून पालापाचोळा पसरला की पाणी कमी लागतं. तिसरी ओळ कुंपणाची. बाहेरून चर, चराच्या मातीवर घायपात आणि सागरगोटा. दिवाळीनंतर गवत कापून जनावरांना द्यायचं, आणि जानेवारीतच चारही बाजूंनी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत नसलेला पट्टा, काढायची.

कारखान्याच्या दारावर पाटी लावायची घाई करू नका. लावलीच तर तिच्यावर लावलेल्या झाडांचा नव्हे, जगलेल्या झाडांचा आकडा असावा, आणि दर जूनला तो खडूने बदलता यावा. मोजणीसाठी प्रत्येक झाडाला नंबर द्या. खोड पुरेसं वाढलं की साडेचार फुटांवर टेपने घेर घेऊन वहीत टिपा, घेरावरून लाकडाच्या वजनाचा अंदाज बांधता येतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, त्याची ३.६७ पट केली की हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड निघतो. १०० किलो लाकूड म्हणजे सुमारे १८३ किलो. मेलेल्या झाडाच्या जागी त्याच पावसाळ्यात नवं रोप लावायचं, म्हणून मुळातच साठ-सत्तर रोपं जास्तीची सांगून ठेवा आणि ती कारखान्याच्या मागे, नळाजवळ सावलीत सांभाळा.