‘सॉरी’ म्हणताना या चुका टाळा

“सॉरी म्हण तिला!” हे दटावणं आपण इतक्या लहानपणी ऐकतो, की सॉरी म्हणजे माफी हे डोक्यात पक्कं बसतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तुमच्या घरी कुणी गेल्याचं कळल्यावर समोरचा ‘आय ॲम सॉरी’ म्हणाला, तर “अहो, तुमची काय चूक?” असं म्हणू नका. तो माफी मागत नाहीये, त्याला वाईट वाटलंय. शब्दाचा मूळ अर्थही हाच. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे वेदना, जखम. त्यावरून ‘सारिग’, म्हणजे दुःखी, व्यथित. घसा दुखतो त्याला ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, त्यातला ‘सोअर’ याच ‘सार’चा. माफी नंतर चिकटली. पुढचंमागचं वाक्य गाळून नुसतं ‘सॉरी’ म्हणून मोकळं होणं तर 19व्या शतकातलं.

‘सॉरी’ हा दुःख या अर्थाच्या ‘सॉरो’वरून आला, असंही बिनदिक्कत सांगितलं जातं. दिसायला सख्खे भाऊ, पण घराणी वेगळी. ‘सॉरो’चं मूळ ‘सोर्ग’; जर्मनमधला काळजी या अर्थाचा ‘झोर्गं’ त्याचाच नातेवाईक. मात्र शेजार लागला आणि ‘सॉरी’चा उच्चार ‘सॉरो’च्या वळणावर गेला.

वाईट वाटणं आणि चूक कबूल करणं यांतली फट किती महाग पडू शकते, ते 2001च्या एप्रिलमध्ये दिसलं. अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक बेपत्ता झाला आणि अमेरिकी विमानातले 24 जण चीनच्या हायनान बेटावर अडकले. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला ती मागायची नव्हती. अखेर 11 एप्रिलच्या पत्रात दोनदा ‘व्हेरी सॉरी’ आलं. चीनने त्याला माफी मानलं, अमेरिकेने खेद म्हटलं, आणि माणसं सुटली! एरवी भांडण लावणाऱ्या संदिग्धतेने इथे ते मिटवलं. कॅनडातल्या ऑन्टारियोत तर 2009च्या कायद्यानुसार दिवाणी दाव्यात ‘सॉरी’ म्हणणं हा दोषाचा कबुलीजबाब ठरत नाही.

आता रोजच्या चुका. ‘सॉरी फॉर लेट’ सर्रास लिहितात. ‘फॉर’नंतर नाम हवं आणि इथला ‘लेट’ विशेषण आहे, म्हणून ‘सॉरी फॉर बीइंग लेट’ किंवा सरळ ‘सॉरी, आय ॲम लेट’. ‘सॉरी टू डिस्टर्ब यू’ व्यत्यय आणता आणता म्हणायचं. आणून झाल्यावर ‘सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू’. ‘अ सॉरी स्टेट’मध्ये माफी अजिबात नाही, ती दयनीय अवस्था.

आणि स्वर वर नेऊन कुणी नुसतंच “सॉरी?” विचारलं, तर मोठ्या मनाने “इट्स ओके” म्हणू नका. त्याला ऐकू आलेलं नाही. तुमचं वाक्य पुन्हा म्हणा.