'गेलो होतो' म्हणजे 'हॅड गॉन' नव्हे: इंग्रजी काळांच्या या चुका टाळा

'हॅव म्हणजे आहे, हॅड म्हणजे होता' असं शाळेत बहुतेकांनी घोकलेलं असतं. पुढचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

'मी गेल्या आठवड्यात नाशिकला गेलो होतो' हे आपलं अगदी साधं वाक्य. त्याचं 'आय हॅड गॉन टु नाशिक लास्ट वीक' केलं, की ऐकणारा ताटकळतो: बरं, गेला होतास, मग काय झालं? इंग्रजीत 'हॅड' लागतं ते भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती ते दाखवायला. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच गाडी गेली. इथे नुसतं 'लेफ्ट' म्हटलंत तर आम्ही पोचलो आणि मग गाडी सुटली, असा अर्थ निघतो. (धावत जाऊन पकडलीही असेल!) नाशिकच्या वाक्यात दुसरी घटनाच नाही, तेव्हा सरळ 'आय वेंट टु नाशिक लास्ट वीक'.

'आहे'चंही तेच. 'मी सोमवारीच फॉर्म भरलाय' मराठीत चालतं. 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म ऑन मंडे' चालत नाही. काल, सोमवारी, 2019 मध्ये अशी होऊन गेलेली वेळ वाक्यात आली, की 'हॅव' काढून टाका. कधी भरला ते सांगायचंच नसेल, तर 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म' बिनधास्त लिहा.

'पाच वर्षांपासून पुण्यात राहतो' इथे मात्र उलटं होतं. मराठीत वर्तमानकाळ, इंग्रजीत 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स'. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' यात काळही चुकला आणि 'सिन्स'ही. 'सिन्स'पुढे सुरुवात कधी झाली ते येतं, 'फॉर'पुढे किती काळ ते.

'डिड नॉट वेंट' नको. भूतकाळ 'डिड'मध्येच येऊन गेला, पुढे 'गो'. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' आपल्याकडे फारसं कुणाला खटकत नाही, पण आयेल्ट्सला (परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) बसणार असाल तर ही सवय सोडाच, 'आय हॅव टू ब्रदर्स' म्हणा. तिथे बोलण्याच्या परीक्षेत चार निकषांपैकी एक व्याकरणाचा असतो.

'घरी पोचलो की फोन करतो' याचं 'व्हेन आय विल रीच होम' करू नका. अशा वाक्यात 'व्हेन'च्या भागात 'विल' येत नाही: 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच होम'. आणि खालून कुणी हाक मारली, तर 'आलोच'साठी 'आय ॲम कमिंग'.