जुन्या रिसीव्हरमधली गुणगुण कशी शोधावी आणि कशी घालवावी

जुना रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकत्र असलेला डबा, सुरू केला आणि गाणं लागायच्या आधीच स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ यायला लागलं, की पहिला सल्ला ठरलेला असतो: कंडेन्सर (वीज साठवून तिचा प्रवाह सपाट करणारे भाग) गेले, बदलून टाका. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा दोष डब्याच्या बाहेर असतो, आणि उगाच केलेल्या सोल्डरिंगने जुन्या बोर्डाची प्रिंट (त्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या) मात्र उखडते. पायोनियर, सान्सुई, मरँट्झचे 70 च्या दशकातले सेट काय किंवा आपल्याकडचे सोनोडाइन, कॉस्मिक काय, त्यांचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. म्हणून आधी कानाने शोधा, स्क्रू-ड्रायव्हर नंतर.

आवाज नेमका कुठून येतोय ते आधी ठरवा. स्पीकरच्या वायरी काढा. तरीही डबाच घुमत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर. त्याचे स्क्रू सैल झालेले असतात, किंवा सेट चुकीच्या व्होल्टेजवर चाललेला असतो. मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो 220 किंवा 240 वर आहे ना ते बघा. अमेरिकेहून आणलेला सेट 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा असतो. स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून व्होल्टेज जमतं, पण आपली वीज 50 हर्ट्झची. फक्त 60 साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर तिच्यावर जास्त घुमतो आणि जास्त तापतो. त्यावर डब्याच्या आत काही इलाज नाही.

स्पीकरमधूनच येत असेल तर सेट बंद करून मागच्या सगळ्या केबल काढा. टीव्ही, डीव्हीडी, टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर), एफएमचा अँटेना, काहीही ठेवू नका. फक्त स्पीकर आणि मेन वायर राहू द्या. सेट पुन्हा सुरू करा. गुणगुण गेली, तर रिसीव्हर बहुधा निर्दोष आहे. आता एकेक केबल जोडत चला, दर वेळी आवाज शून्यावर आणून. जिच्यामुळे गुणगुण परत आली ती केबल किंवा तिच्या पलीकडचं उपकरण दोषी.

आपल्या घरांत इथे दोन गुन्हेगार वारंवार सापडतात. एक, डिश किंवा केबलची कोअॅक्स वायर. सेट-टॉप बॉक्स आणि टीव्हीच्या वाटेने तिचं अर्थिंग रिसीव्हरपर्यंत येतं आणि वर्तुळ पूर्ण होतं. ती वायर बॉक्समधून उपसल्याबरोबर शांतता झाली, तर ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगचं असं वर्तुळ, नक्की. दुसरा, चार्जरला लावलेला लॅपटॉप. चार्जर काढून बघा. उपाय म्हणजे सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ऑडिओ केबलच्या मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज जाऊ देतो, अर्थिंगचा दुवा तोडतो) टाका. थ्री-पिनची अर्थची पिन तोडून गुणगुण थांबते, हे खरं आहे. तरीही ती तोडू नका. बिघाड झाल्या दिवशी धातूच्या डब्यावर 230 व्होल्ट येतील आणि त्याला हात लावणारे तुमच्या घरातलेच असतील. सेटला टू-पिन प्लग असेल तर तो काढून उलटा लावून बघा, कधी कधी फरक पडतो.

गुणगुण फक्त फोनोवर (टर्नटेबलच्या इनपुटवर) असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थ वायर मागच्या ग्राउंडच्या स्क्रूला घट्ट बसली आहे का ते बघा. टर्नटेबल रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवलेलं असेल तर दोन फूट बाजूला घ्या. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) रिसीव्हरच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतं.

केबल काढूनही गुणगुण राहिली तर दोष आत आहे. आता व्हॉल्यूम फिरवा. त्याच्याबरोबर गुणगुण कमी-जास्त झाली तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी, म्हणजे इनपुटचा सिलेक्टर, प्री-अॅम्प (पहिला, छोटा अॅम्प्लिफायर) किंवा त्यांना वीज पुरवणाऱ्या छोट्या सप्लायमध्ये. जराही बदलली नाही तर व्हॉल्यूमच्या पुढे किंवा मुख्य सप्लायमध्ये. एकाच बाजूला येत असेल तर मुख्य कंडेन्सरवर संशय नको, कारण बहुतेक सेटमध्ये तो दोन्ही चॅनलना सामाईक असतो. मागे प्री-आउट (प्री-अॅम्पचं आउटपुट) आणि मेन-इन (मुख्य अॅम्प्लिफायरचं इनपुट) यांना जोडणारे जंपर असतील, तर सेट बंद असताना ते उपसा. गुणगुण थांबली तर ती प्री-अॅम्पकडून येत होती.

सुरावरूनही कळतं. ग्राउंड लूपचा सूर 50 हर्ट्झचा, खोल. सप्लायचं फिल्टरिंग कमी पडलं की 100 हर्ट्झ, वर थोडी खरखर. पेटी वाजवणाऱ्यांना सोपं जाईल: खालच्या सप्तकातली 98 हर्ट्झची पांढरी पाच, तिच्या किंचित वर.

आता झाकण. प्लग उपसा. मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, तो स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडू नका. 100 ओहम, 10 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरीने काही सेकंद लावा आणि मीटरवर शून्य आलं की मगच हात घाला. वाल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) सेटमध्ये काहीशे व्होल्ट असतात, तो जाणत्या मेकॅनिककडेच न्यावा. कंडेन्सरचा फुगलेला माथा, तळाशी ओल, भेगाळलेला सोल्डर जॉइंट, ग्राउंडचा सैल स्क्रू हे डोळ्यांनी दिसतं. तळाशी असलेला तपकिरी पदार्थ मात्र अनेकदा कारखान्यातला गोंद असतो, गळती नसते.

रिपल, म्हणजे डीसीत उरलेली एसीची लहर, मोजायचं तर मीटर एसी रेंजवर ठेवा. स्वस्त मीटर इथे फसवतो: 35 व्होल्ट डीसीवर तो 75-77 ‘एसी’ दाखवतो. प्रोबच्या मधे सिरीजमध्ये 1 मायक्रोफॅरड, 100 व्होल्टचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कंडेन्सर लावला की खरा आकडा येतो. मोजण्याआधी मीटरच्या पिन क्लिपने जोडा आणि सेट चालू असताना आत दुसरा हात घालू नका. 6800 मायक्रोफॅरड आणि 200 मिलिअँपिअर लोडला रिपल मीटरवर साधारण 0.1 व्होल्ट येतं. एक व्होल्टच्या आसपास असेल, किंवा सप्लायच्या प्लस आणि मायनस रेलमध्ये (लाइनमध्ये) मोठी तफावत असेल, तर कंडेन्सर गेला, डायोड गेला, नाहीतर पुढे काहीतरी जास्त करंट ओढतंय.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, 105 डिग्री तापमान सोसणारा, आणि दोन्ही रेलचे एकदम बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. उलटी पोलॅरिटी (प्लस-मायनसची अदलाबदल) म्हणजे स्फोट, म्हणून काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

पहिल्यांदा सुरू करताना स्पीकर न जोडता 60 किंवा 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब मेन वायरच्या सिरीजमध्ये लावा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब काढल्यावर स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. 50 मिलिव्होल्टच्या खाली असेल तर उत्तम. जास्त असेल तर चांगले स्पीकर जोडू नका. एरवीही आधी जुना, टाकाऊ स्पीकर लावून तासभर चालवा. कान जाळीला टेकवल्यावरच ऐकू येईल एवढी गुणगुण उरली, तर तिच्यामागे लागू नका, तेवढी अनेक सेटमध्ये नवे असतानाही असायची.