टेप, पेन्सिल आणि पंधरा तास: लाउंजचं आणि लांबच्या विमानप्रवासाचं परीक्षण कसं लिहावं

लेकीकडे न्यू जर्सीला पहिल्यांदा निघालो, तेव्हा यजमानांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झाले होते. मुंबईहून न्यूयॉर्कचं थेट विमान, म्हणजे पंधरा-सोळा तासांची बैठक. मी महिनाभर लोकांनी लिहिलेली परीक्षणं वाचत होते. जांभळ्या दिव्यांची आणि जेवणाच्या ट्रेची छायाचित्रं भरपूर होती. ‘सीट प्रशस्त’ असंही लिहिलेलं होतं. कोणाला प्रशस्त, किती इंच, ते कुठेच नव्हतं. आठव्या तासाला शौचालय कसं असतं, रात्री थंडी किती वाजते, लाउंजपासून, म्हणजे विमानतळावरच्या बसण्या-खाण्याच्या खास कक्षापासून, गेटपर्यंत किती चालायचं, हेही नव्हतं. आमचे प्रश्न मात्र नेमके हेच होते.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं गुणवत्ता तपासणीत काढली. मोजल्याशिवाय ‘पास’चा शिक्का मारायचा नाही, ही सवय हाताला लागलेली आहे. त्यानंतर चार वेळा गेलो-आलो आणि प्रत्येक वेळी वही भरली. आपल्याकडचे कितीतरी आईवडील आयुष्यातला पहिला परदेशप्रवास साठीनंतर करतात, तोही एवढा लांबचा. त्यांच्या कामी येईल असं परीक्षण कुणीही लिहू शकतं, म्हणून माझी पद्धत सांगते.

सामान थोडंच लागतं. शिंप्याची दीड मीटरची कापडी टेप, छोटी वही, पेन्सिल. शाईचं पेन नको, हवेचा दाब बदलला की ते गळतं. मी काडेपेटीएवढा तापमान-आर्द्रता मापकही नेते. तो नसला तरी चालेल, पण टेप हवीच. मनगटावरचं घड्याळ प्रवास संपेपर्यंत भारतीय वेळेवर ठेवा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. मधेच काटे फिरवले की नोंदी जुळत नाहीत. विमानातली प्रत्येक नोंद ‘उड्डाणानंतर कितवा तास’ अशी लिहायची.

वहीच्या पहिल्या पानावर तारीख, विमानाचा क्रमांक, सीट क्रमांक आणि भरलेले पैसे लिहा. त्याखाली विमानाचा नोंदणी क्रमांक. हा बहुतेक जण लिहीत नाहीत आणि परीक्षण तिथेच अर्धं वाया जातं. एकाच मार्गावर एकाच कंपनीची नवी-जुनी विमानं आलटून पालटून येतात. सीट वेगळ्या, समोरचे टीव्हीचे पडदे वेगळे. भारतात नोंदलेल्या विमानांचा क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होतो आणि शेपटीजवळ मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो. विमानांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवरही तो मिळतो. नंतर स्वतःविषयी दोन ओळी लिहा. माझ्या असतात: उंची ५ फूट २ इंच, वय ६४, सोबत यजमान, उंची ५ फूट ९ इंच, गुडघे बदललेले, व्हीलचेअर घेतलेली. वाचणाऱ्याला आपल्या आईला शेजारी उभं करून ताडता आलं पाहिजे.

आता लाउंज. आपल्याकडे बहुतेक जण क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर आत जातात. दोन रुपये कापले जातात म्हणून लोक त्याला फुकट म्हणतात, पण बऱ्याच कार्डांना मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केल्याची अट असते. शिवाय प्रवेश सहसा ज्याच्या नावाचं कार्ड त्यालाच. नवऱ्याच्या कार्डावर बायको आपोआप आत जात नाही. तुम्ही कोणत्या कार्डावर, किती जण, किती पैसे देऊन गेलात, हे सगळ्यात आधी लिहा.

वेळ लिहिल्याशिवाय लाउंजविषयी एक शब्दही लिहू नका. मुंबईच्या टर्मिनल २ वरून युरोप-अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. रात्री बारा ते दोनचा लाउंज आणि दुपारी तीनचा लाउंज यांत गच्च भरलेली लोकल आणि रिकामा डबा यांच्याइतका फरक असतो. मी दारातल्या रांगेत उभी राहिल्याची मिनिटं, मग बसायला जागा मिळेपर्यंतची मिनिटं वेगळी लिहिते. त्यानंतर चार गोष्टी चालत जाऊन बघते. शौचालय लाउंजच्या आत आहे की बाहेर? मधे पायऱ्या आहेत का? खुर्ची किती खोल आहे? मऊ, खोल सोफा फोटोत छान दिसतो, पण गुडघे बदललेल्या माणसाला त्यातून हात धरून उठवावं लागतं. जमिनीपासून बैठकीची उंची मोजा. १७-१८ इंच असेल तर उठायला सोपं, १४ असेल तर अवघड. चौथी गोष्ट म्हणजे विमानांची घोषणा आत ऐकू येते का. अनेक लाउंजमध्ये ती मुद्दाम करत नाहीत. मग निदान फलक कुठल्या खुर्चीवरून दिसतो ते लिहा.

खाण्याची यादी देत बसू नका, ती रोज बदलते. एकच पदार्थ दोनदा पाहा, आल्यावर आणि अर्ध्या तासाने. उपम्याचं भांडं भरलं गेलं का, झाकण होतं का, हाताला गरम लागलं का. चहा उकळलेला की कोमट पाण्यातली पिशवी, हे मी नेहमी लिहिते. रात्री दीड वाजता आपल्या माणसाला त्या चहाचं मोल असतं.

व्हीलचेअरचा मजकूर स्वतंत्र लिहा. एका परतीच्या प्रवासात, मधल्या विमानतळावर, मदतनीस आम्हाला लाउंजमध्ये बसवून ‘येतो’ म्हणून गेला तो आलाच नाही. गेट अकराशे पावलांवर होतं. यजमान भिंतीला धरून चालले. विमान मिळालं, पण त्यांचा गुडघा पुढे आठवडाभर सुजलेला होता. तेव्हापासून मी मदतनीस किती वाजता परतणार ते विचारून घेते, काउंटरवर त्याच्यासमोर नोंदवायला लावते, आणि तो प्रत्यक्ष कधी आला ते परीक्षणात घालते. गेटपर्यंतची पावलंही मोजून लिहिते.

विमानात शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांवर विश्वास ठेवू नये. गादी नवी वाटते, दिवे सुंदर असतात, शौचालय धुतलेलं असतं. मी तीन वेळा पाहणी करते: पहिल्या, आठव्या आणि तेराव्या तासाला. तीच सीट, तेच शौचालय, तेच प्रश्न. खरं परीक्षण आठव्या तासाचं.

सीट मोजण्यापूर्वी एक शब्द समजून घ्या: पिच. कंपनी जो आकडा सांगते तो एका सीटवरच्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचा, इकॉनॉमीत साधारण ३१-३२ इंच. त्यात पाठीची जाडी आली, म्हणजे ती सगळी जागा पायांची नव्हे. म्हणून मी पाठ टेकून बसते आणि गुडघ्यापासून समोरच्या खिशापर्यंत टेप धरते. समोरच्याने सीट मागे केल्यावर पुन्हा. यजमानांचे दोन आकडे होते तीन इंच आणि सव्वा इंच. या दोन आकड्यांपुढे ‘प्रशस्त’ हा शब्द लागत नाही. रुंदी सीटच्या दोन हातांच्या मधे मोजा. बोइंग ७७७ मध्ये काही कंपन्या एका ओळीत नऊ सीट लावतात, काही दहा. दहा लावल्या की सीट १७ इंचांच्या आसपास येते. समोरच्या सीटखाली टीव्हीच्या पडद्याच्या यंत्रणेची पेटी आहे का ते वाकून बघा. ती एका पायाची जागा खाते आणि सीटच्या नकाशावर बरेचदा दिसत नाही. दहा सीटच्या काही ७७७ मध्ये शेवटच्या ओळींत खिडकीकडे तीनऐवजी दोनच सीट असतात. नवरा-बायकोला त्या सोयीच्या पडतात, कारण उठताना तिसऱ्याला उठवावं लागत नाही.

हवेबद्दल थोडं सविस्तर लिहा, कारण थकवा बराचसा तिथून येतो. जुन्या बांधणीच्या विमानांत आतला दाब ८,००० फुटांवर असावा इतका विरळ होऊ शकतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या बांधणीच्या विमानांत तो सुमारे ६,००० फुटांइतका राखतात. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे चांगल्या विमानातसुद्धा आपण रात्रभर कळसूबाईच्या वर बसलेलो असतो. आर्द्रताही दहा-वीस टक्क्यांवर येते. माझ्या मापकावर नवव्या तासाला १२ टक्के आणि १९ अंश होते. उड्डाणाच्या वेळी २४ अंश. ‘थंडी होती’ यापेक्षा ‘पाच अंश उतरले, एक पांघरूण पुरलं नाही, दुसरं मागितल्यावर चार मिनिटांत मिळालं’ हे वाचून कुणीतरी पायमोजे आणि शाल हातातल्या पिशवीत ठेवेल. पाण्याचंही तसंच: रात्री न मागता किती वेळा विचारलं, ते मोजा.

आणखी एक माप मी घेते. उड्डाणाआधी यजमानांच्या घोट्याच्या वरचा घेर २३ सेंटिमीटर होता, बाराव्या तासाला साडेचोवीस. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे घातले, दर दोन तासांनी मार्गिकेत फेऱ्या मारल्या, तेव्हा फरक अर्ध्या सेंटिमीटरचा होता. तेव्हापासून फेऱ्या मारायला जागा कुठे होती, हेही मी लिहिते.

जेवणाला नावं ठेवण्याआधी एवढं ध्यानात घ्या की वर जिभेला मीठ आणि साखर कमी जाणवते. कोरडं नाक, विरळ हवा आणि इंजिनाचा अखंड आवाज, तिन्हींचा परिणाम. वरण अळणी लागलं तर स्वयंपाक्याचा दोष असेलच असं नाही. शाकाहारी जेवण आधी नोंदवलं होतं का, ते लिहा. बहुतेक कंपन्यांना निदान २४ तास आधी सांगावं लागतं आणि प्रकाराला संकेत असतो: ‘एव्हीएमएल’ म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी, ‘व्हीजेएमएल’ म्हणजे जैन. असं जेवण सहसा इतरांच्या आधी येतं. गोळ्या जेवणाला बांधलेल्या असतील, तर दोन जेवणांत किती तासांचं अंतर पडलं हे चवीपेक्षा महत्त्वाचं.

छायाचित्रं कमी काढा. सुरक्षा तपासणीत नाही, आणि झोपलेल्या प्रवाशांची तर मुळीच नाही. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं, तिथे खिडकीतूनही फोन काढू नये. कर्मचाऱ्यांची नावं लिहू नका, काम लिहा. एखादी चूक एकदाच घडली असेल तर ‘एकदा’ असंच लिहा. तिकीट कंपनीचं, लाउंज दुसऱ्याचा, व्हीलचेअर तिसऱ्याची असू शकते. एकाचा राग दुसऱ्यावर निघाला की परीक्षणावरचा विश्वास जातो.

उतरल्यावर लगेच लिहायला बसू नये. दोन रात्री झोपून घ्या, मग वही उघडा आणि आकडे न बदलता लिहा.

लिहून झालं की लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मागच्या दिवाळीत साताऱ्याहून एका मुलीने विचारलं, आजी ७९ वर्षांच्या, नऊवारीशिवाय दुसरं काही नेसत नाहीत, विमानातल्या शौचालयात कसं जमेल? मला या प्रश्नाचं फार बरं वाटलं, कारण उत्तर वहीत होतं. नेहमीच्या शौचालयात दार लावल्यावर उभं राहायला जेमतेम दोन फूट. मधल्या भागातलं, अपंग प्रवाशांसाठीचं, जवळपास दुप्पट, आत आधाराचा दांडा, आणि कर्मचारी विचारल्यावर दार उघडून द्यायला मदत करतात. आठव्या तासाला फरशी कोरडी होती, तेराव्या तासाला ओली. तिला ओळ क्रमांक कळवला आणि सांगितलं, आजींना अकराव्या तासाच्या आत एकदा घेऊन जा.